रविवारची अकराची मालिका

लेक: तीनच खोकी आहेत, बाबा. या घरात तीन खोकी ठेवायला जागा नाही?

बाबा: जागा आहे ना. फक्त तिच्यात खोकी आहेत.

लेक: तेच म्हणतेय मी. माझ्या खोलीत माझं काही उरलेलंच नाही. पलंगावर मिक्सरचं खोकं, त्यावर पंख्याचं, त्यावर राउटरचं. उशीवर इस्त्रीचं खोकं निजलंय. आणि सगळी रिकामी.

बाबा: रिकामी कशी? थर्माकोल आहे आत.

लेक: टाकून का देत नाही?

बाबा: तूच सांगितलंस. वॉरंटी संपेपर्यंत खोकं टाकायचं नाही.

लेक: ते मी गिऱ्हाइकांना सांगते. ऑफिसात. आम्हाला ते वाक्य कागदावर लिहून दिलेलं असतं.

बाबा: मीही गिऱ्हाईकच. मिक्सर तुमच्याच कंपनीचा आहे.

लेक: मिक्सरची वॉरंटी दोन वर्षांपूर्वी संपली.

बाबा: मिक्सरही संपला. खोकं मात्र ठणठणीत आहे.

लेक: राहू दे. बाल्कनीत ठेवते मी माझी. अडीचची बस आहे. सर्टिफिकेटं घ्यायची आणि निघायचं. उगाच बोलणं वाढवायला नको.

बाबा: निघायचं म्हणजे, कुठे?

लेक: बाबा, ही थट्टेची वेळ नाही.

बाबा: बरं.

लेक: मागच्या रविवारी फोनवर सगळं सांगितलं तुम्हाला. गावासकट, पत्त्यासकट. तुम्ही म्हणालात, असं का.

बाबा: म्हणालो असेन.

लेक: मुलगी तीन वर्षांसाठी चाललीये, दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि बाप म्हणतो, असं का.

बाबा: तीन वर्षं?

लेक: आता म्हणा, असं का.

बाबा: थांब. एक मिनिट थांब, बाळ. नीट ऐकायचंय मला. या जाहिराती संपू देत.

लेक: कसल्या जाहिराती? टीव्ही बंद आहे.

बाबा: टीव्हीच्या नाहीत. कानातल्या.

लेक: काय?

बाबा: तू घेऊन दिलेल्या मशीनमधल्या. आत्ता फरशी पुसायच्या पाण्याची चालू आहे. मग एक बाई दात दाखवते, म्हणजे मला दिसत नाही, पण बोलण्यावरून वाटतं. की झालं.

लेक: बाबा, तुमच्या श्रवणयंत्रात जाहिराती लागतात?

बाबा: जाहिराती मधूनमधून. एरवी कार्यक्रम चांगले असतात. सकाळी व्यायाम, दहाला स्वयंपाक, दुपारी बातम्या. म्हटलं एवढं आधुनिक मशीन, आत रेडिओ दिलेला असणारच. फक्त बंद करायचं बटण सापडलं नाही.

लेक: किती दिवस चाललंय हे?

बाबा: आणलंस तेव्हापासून. चार महिने.

लेक: आणि तुम्ही मला सांगितलं नाही.

बाबा: मला काय माहीत तो बिघाड आहे की सोय आहे. हल्ली दोन्ही एकाच डबीतून येतात.

लेक: मशीन एकदा बंद करून परत चालू केलंत का?

बाबा: हे तू मला विचारतेयस की गिऱ्हाइकाला?

लेक: सॉरी. तोंडात बसलंय. आठ वर्षं दिवसाला ऐंशी वेळा हेच म्हणतेय.

बाबा: हां, गेला. बंद झाला रेडिओ. आता बोल. तीन वर्षं म्हणजे काय?

काकू: येऊ का आत? दार उघडंच आहे म्हणून आले.

बाबा: या, या, स्टेनोबाई. बघा कोण आलंय.

काकू: अगं बाई, तू होय. कधी आलीस? वरच्या मजल्यावर काही म्हणजे काही कळत नाही. तू घेऊन दिलेलं मशीन फार छान चाललंय हं. 'एकावर एक' लागलं म्हणून दुसरं मला दिलंस, कोण करतं एवढं.

लेक: काकू, बसा. तुमच्या मशीनमध्ये काही लागतं का? रेडिओबिडिओ?

काकू: रेडिओ नाही. मालिका लागते. त्यासाठीच तर खाली आले. ऑपरेटरसाहेब, तुमच्याकडे अकराची मालिका लागली का आज?

बाबा: कुठली मालिका?

काकू: रविवारी अकराला असते ती. मुलीची. पावणेअकरापासून टीव्ही लावून बसले, साडेअकरा झाले, काही नाही. शेवटी टीव्ही बंद करून आले. एवढ्या महत्त्वाच्या वळणावर आलेली असताना सुट्टी घेतली मेल्यांनी.

लेक: काय दाखवतात त्या मालिकेत?

काकू: दाखवत काही नाहीत, तीच तर गंमत. टीव्हीवर चित्र भलतंच असतं. कुणीतरी भेंडी चिरत असतं, कुणी आकाशगंगेबद्दल सांगत असतं. आवाज मात्र या मुलीचा. मला वाटलं हा नवा प्रकार असेल. हल्लीचं मला तसंही कळत नाही.

लेक: आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज?

काकू: तो चार महिने नाहीच. म्हटलं नव्या मशीनबरोबर जुना आवाज जात असेल. एक मिळवायचं तर एक सोडावं लागतं.

बाबा: गोष्ट काय आहे पण मालिकेची?

काकू: गोष्ट अशी की एक मुलगी असते आणि ती दर रविवारी वडिलांना फोन करते. बस्स.

लेक: बस्स?

काकू: संथ आहे गं. पण मुलीचं काम फार चांगलं. अगदी खरं वाटतं. बापाचं पात्र मात्र दाखवतच नाहीत. आवाजच नाही त्याचा. मुलगी बोलते, थांबते, बोलते, थांबते. मधे बाप काय म्हणाला ते आपण आपलं ओळखायचं. मी तर त्या माणसावर इतकी चिडलेय, सांगू नका. गेल्या महिन्यापासून तर त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.

बाबा: पण दाखवतच नाहीत म्हणालात.

काकू: म्हणून वाचलाय तो.

लेक: काकू, ती मुलगी कुठे काम करते?

काकू: घरातली यंत्रं बिघडली की लोक तिला फोन करतात. एकदा एका बाईने तिला विचारलं, वॉशिंग मशीनमध्ये नवऱ्याचं घड्याळ धुतलं गेलं, ते चालू आहे, पण आता उलटं चालतंय, हे वॉरंटीत बसतं का? फार हसले मी त्या भागाला.

लेक: बाबा, हे मी तुम्हाला सांगितलं होतं.

बाबा: असं का.

लेक: असं का नका म्हणू. तुमचा फोन कुठाय? हातात धरा. मी आत जाऊन तुम्हाला फोन लावते. दार लावून घेते. वाजला की उचला.

बाबा: घरातल्या घरात?

लेक: घरातल्या घरात.

काकू: हिला काय झालं?

बाबा: प्रवासाचं दडपण असेल. तीन वर्षांसाठी चाललीये म्हणते. वाजला. हॅलो?

काकू: लागली. साहेब, लागली मालिका. एक मिनिट, माझी वही.

बाबा: मला काही ऐकू येत नाही. हॅलो?

काकू: शांत बसा जरा. मुलगी म्हणतेय, "बाबा, मी खोक्यांमध्ये उभी आहे. उशीवरचं इस्त्रीचं खोकं उचललं, खाली माझी जुनी उशी आहे. अभ्रा धुतलेला आहे." आता थांबली. "काकू, तुम्हाला ऐकू येत असेल तर दारावर टकटक करा." साहेब, मालिकेत माझं नाव घेतलं. म्हणजे, काकू म्हणाली.

बाबा: स्टेनोबाई, ते दार तेवढं वाजवा.

काकू: माझी वही पडली. मी उठते. थांब गं, वाजवते.

लेक: वाजवू नका, काकू. मी आलेय बाहेर.

काकू: ती तूच होतीस?

लेक: मीच.

काकू: चार महिने?

लेक: चार महिने.

काकू: पण तुझा आवाज तर असा नाही.

लेक: मशीनमधून सगळेच डब्यात बसून बोलल्यासारखे येतात. बाबा, त्या दिवशी तो माणूस मशीनं बसवायला आला होता, तेव्हा काय काय केलंत?

बाबा: काही नाही. इथेच बसला होता, या टेबलाशी. दोन्ही डब्या समोर ठेवल्या. आधी फोन जोडले, मग वर जाऊन यांच्या टीव्हीला ते काळं ठोकळं लावून आला. मग चहा प्यायला. मग आमचे कान तपासले आणि मशीनं कानाला बसवून दिली.

लेक: मधे कुणी डब्यांना हात लावला?

बाबा: मीच. यांच्या डबीवर ओरखडा होता. एवढासा. म्हटलं नव्या वस्तूवर ओरखडा, कुणाला कसं द्यायचं. तो चहा पीत होता तेव्हा मी त्यांची डबी माझ्याकडे घेतली आणि माझी त्यांच्यापुढे सरकवली.

लेक: फोन जोडल्यानंतर.

बाबा: दोन्ही सारखीच होती गं.

लेक: म्हणजे तुमचा फोन त्यांच्या कानात वाजतो आणि त्यांचा टीव्ही तुमच्या. कान ज्याचे त्याला, फोन उलटे.

बाबा: मी राँग नंबर लावला?

लेक: हो, बाबा.

बाबा: चौतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. पुरात बोर्ड पाण्याखाली गेला तेव्हा स्टुलावर उभा राहून जोडण्या दिल्या. एक राँग नंबर नाही. एक.

काकू: साहेब, मला तो ओरखडा चालला असता.

बाबा: तुम्ही सांगितलं नाहीत.

काकू: तुम्ही दाखवला नाहीत.

लेक: पण फोन वाजल्यावर तुम्ही उचलत होतात, बाबा. पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. मग एकदाही म्हणाला नाहीत, ऐकू येत नाही म्हणून.

बाबा: कसं म्हणणार? टेलिफोन ऑपरेटरला टेलिफोन ऐकू येत नाही, हे तू कुणाला सांगशील? आणि मशीन तू घेऊन दिलेलं. रविवारी अकराला तुझाच फोन असतो, तेवढं ठाऊक होतं. म्हटलं तू बोलतेस हे पुरे आहे. हुंकार द्यायचे.

काकू: म्हणजे तो बाप तुम्ही.

बाबा: तो बाप मी.

काकू: अरे देवा. मी वहीत तुमच्याबद्दल फार वाईट शेरे लिहिलेत.

लेक: वहीत? तुम्ही हे लिहून घेतलंय?

काकू: सवय आहे गं. कोर्टात एकतीस वर्षं. कानावर शब्द पडला की हात चालतो. नवरा झोपेत बडबडायचा तेही मी घेतलेलं आहे. तीन वह्या झाल्यात तुझ्या.

बाबा: आमच्याकडे उलटं. ट्रंक कॉल जोडून दिला की कान काढायचा. लोकांचं ऐकायचं नाही. फक्त तीन मिनिटं झाली की मधे बोलायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का म्हणून. एवढाच आपला संवाद. कुणी रडतंय असं वाटलं तर मी घड्याळाकडे बघायचोच नाही. साहेबांनी एकदा विचारलं, तुझ्या बोर्डावरची तीन मिनिटं सात-सात मिनिटांची कशी? म्हटलं घड्याळ मागे पडतं. त्यांनी तीनदा घड्याळ बदललं.

काकू: माझ्या फोनचे आवाज तुमच्याकडे येत असतील मग.

बाबा: गुरुवारी रेडिओवर एक माणूस यायचा. आई म्हणून सुरुवात करायचा. मी मशीन काढून ठेवायचो. खासगी वाटलं.

काकू: तो माझा मुलगा. गुरुवारी फोन असतो त्याचा. काय म्हणायचा?

बाबा: ऐकलं नाही.

काकू: एक शब्दही?

बाबा: आई. तेवढाच.

लेक: आणि तुम्ही त्याला काय उत्तर द्यायचात, काकू?

काकू: ऐकू येत नव्हतं. पण पोराला कशाला काळजी. "नोंद घेतली" म्हणायचे. आणि "पुढे बोल".

लेक: काकू, गेल्या महिन्यातला दुसरा रविवार काढता?

काकू: तोच तर भाग. पान बेचाळीस. वाचू?

लेक: वाचा. तुम्ही माझं वाचा. मधलं मी सांगते. बाबांना एकदा ऐकू दे.

काकू: मुलगी म्हणते, "बाबा, आमचं ऑफिस बंद होतंय. आता लोकांना उत्तरं मशीनच देणार."

लेक: बाप म्हणाला, असं का.

काकू: "एक तर लांबची बदली घ्यायची, नाहीतर सोडायचं. उद्या सांगायचंय त्यांना."

लेक: बाप म्हणाला, बरं.

काकू: इथे मी कंसात लिहिलंय, शांतता, अंदाजे अकरा सेकंद. मग मुलगी, "बाबा, मी सोडून घरी येऊ का? कायमची. माझी खोली आहे ना तशीच?"

लेक: बाप म्हणाला, बघू.

काकू: मुलगी, "म्हणजे नको?"

लेक: बाप म्हणाला, हो.

काकू: हो?

लेक: हो.

काकू: मग मुलगी एकदम, "ठीक आहे. कळलं मला."

लेक: आणि बाप म्हणाला, तब्येत सांभाळ.

काकू: समासात माझा शेरा आहे. तो वाचत नाही.

बाबा: हं. म्हणजे क्रमानेच गेलं.

लेक: कसला क्रम?

बाबा: पाच उत्तरं ठेवली होती मी. असं का, बरं, बघू, हो, तब्येत सांभाळ. एकामागून एक द्यायची. कुठल्याही बोलण्याला पाचातलं एक तरी बसतंच, आणि तेच तेच झालं तर तुला संशय आला असता. त्या दिवशी तिथे बघूचा नंबर होता.

लेक: आणि हो?

बाबा: हो त्याच्या मागे होतं. एका प्रश्नाने उशिरा पोचलं.

काकू: कोर्टात यावर अपील होतं.

लेक: माझं होत नाही. दुसऱ्या दिवशी सही केली मी. तीन वर्षं सोडता येणार नाही. परवा सकाळी हजर व्हायचंय.

बाबा: फोन लाव त्यांना. सांग, वडिलांची चूक झाली. मी बोलतो.

लेक: कुणाला लावू? माणूसच उरलेला नाही तिथे. हे बघा, तुमच्यासमोर लिहिते. "मला बदलीचा निर्णय रद्द करायचा आहे." पाठवलं.

काकू: आलं उत्तर. काय चटकन आलं.

लेक: "तुमच्या नव्या प्रवासासाठी शुभेच्छा. तुम्ही खूश आहात हे ऐकून आम्हालाही आनंद झाला."

बाबा: परत लिही. खूश नाही म्हणावं.

लेक: लिहिलं. "आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे. कृपया यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू करा." हे वाक्य माझं आहे, बाबा. मी लिहिलं होतं ते, नोकरीला लागले त्या वर्षी.

बाबा: चांगलं लिहिलंयस.

लेक: बाबा, खरं सांगा. ऐकू आलं असतं तर काय म्हणाला असतात?

बाबा: कधी?

लेक: पान बेचाळीस.

बाबा: काही म्हणालो नसतो. खोकी टाकली असती.

काकू: मी चहा टाकते.

लेक: नको, काकू, बसा. निदान हे तरी सरळ करून जाते. तुमची मशीनं द्या बघू दोघांची. अदलाबदल करू, झालं. बाबा, हे लावा. काकू, तुम्ही ते.

काकू: अगं, माझ्या कानात राहतच नाही. केवढा मोठा आहे याचा रबर.

लेक: बाबा, तुम्हाला?

बाबा: शिट्टी वाजतेय. आणि तुझा आवाज भिंतीकडून येतोय. जोरात बोलू नकोस, चक्कर येतेय.

लेक: मी जोरात नाही बोलत. काकूंचा डावा कान जास्त गेलाय, तुमचा उजवा. त्या मशीनला वाटतंय तुम्ही काकू आहात. थांबा, फोन लावून बघते. हॅलो?

बाबा: हं, हे येतंय. फोनवर येतेयस. अगदी कानात. पण समोरची दिसतेयस, ती ऐकू येत नाहीस.

काकू: म्हणजे घरातलं ऐकायचं की फोनवरचं, दोन्हीतलं एकच.

लेक: काढा, बाबा, पडाल. आपापली परत घाला. मी जोडणीच बंद करते फोनमधली. साधा फोन कानाला लावायचा.

बाबा: बंद केलीस की ते अ‍ॅप आपलं आपण चालू करतं. मी करून बघितलंय. आणि साधा फोन कानाला लावला की मशीन किंचाळतं. मशीन काढलं तर फोन ऐकू येत नाही.

लेक: स्पीकर?

बाबा: फोन बादलीत पडला तेव्हापासून घंटी तेवढी वाजते, बोलणं नुसती घरघर.

लेक: मग नाव बदलून घेऊ कंपनीकडून. हे बघा, सोपं आहे, नोंदणी, जोडणी बदला, आणि... सहा आकडी नंबर येईल म्हणतंय. कुणाच्या फोनवर? बसवायला आला होता त्याच्या. सगळं त्याच्या नावावर चढवून ठेवलंय त्याने. बाबा, तुमचे कान त्याच्या मालकीचे आहेत.

काकू: मग त्याला बोलवा.

लेक: लावतेय. "आपण ज्यांना संपर्क करत आहात ते आता आमच्या परिवारात नाहीत." मदतकेंद्राला लावते. एक दाबा, चार दाबा. "दोन्ही ग्राहकांनी ओळखपत्रासह केंद्रात यावे. कामाचे पंधरा दिवस लागतील. तोवर यंत्रे आमच्याकडे जमा राहतील."

बाबा: पंधरा दिवस दोघंही ठार बहिरे?

लेक: आत्ता निदान एकमेकांना ऐकू येतंय तुम्हाला.

बाबा: मग नको. यांना दार वाजवून उठवायला कोणी हवं की नको.

काकू: आणि यांचं दूध उतू जातं तेव्हा आवाज मीच देते वरून.

लेक: मग मी तिकडून बोलणार कशी? मेसेज करू?

बाबा: मेसेज आला की छातीत धस्स होतं. तार आल्यासारखं वाटतं. तारेत कधी कुणी बरं असल्याचं कळवत नाही.

काकू: मी आहे ना. मालिका चालू ठेवा तुम्ही. रविवारी अकराला वही घेऊन खाली येत जाईन. माझ्या कानात पडेल ते यांना सांगेन. हे फोनमध्ये उत्तर देतील. या वेळी खरं.

बाबा: आणि गुरुवारी मी वर येईन.

काकू: कान न काढता.

बाबा: प्रयत्न करीन.

लेक: बाबा, दोन वाजत आले.

बाबा: थांब. उशी घेऊन जा. तुझी आहे. अभ्रा मी दर महिन्याला धुतो. वर खोकी ठेवली होती, ती धूळ बसू नये म्हणून.

लेक: बसमध्ये उशी कुठे ठेवू?

बाबा: थर्माकोल लावून खोक्यात घालून देतो. इस्त्रीचं मापात बसेल.

(पावणेतीन. बस सुटली आहे. बाबांनी फोन तोंडासमोर धरला आहे. काकू समोर वही उघडून बसल्या आहेत.)

लेक: काकू, येतंय का ऐकू?

काकू: सांगा तिला, येतंय.

बाबा: येतंय म्हणतात.

लेक: घ्या मग. बाबा, बसले मी. खिडकी मिळाली. पूर्णविराम.

काकू: बसली. खिडकी मिळाली. आणि मला पूर्णविराम शिकवतेय.

बाबा: डावीकडची की उजवीकडची? डावीकडे ऊन येईल आता.

लेक: डावीकडचीच. इस्त्रीचं खोकं मांडीवर आहे. शेजारच्या बाई विचारत होत्या, इस्त्री कितीला मिळाली. मी म्हटलं, उशी आहे. त्या सरकून बसल्या.

काकू: खोकं मांडीवर. शेजारीण घाबरलीये, उशी म्हटल्यावर.

बाबा: घाबरू दे. पाय पसरायला जागा होईल.

लेक: बाबा, आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरून गेली बस. खिडकीतून बाल्कनी दिसली. माझी तीन खोकी होती. आणखी खूप खोकी होती.

काकू: बाल्कनी दिसली म्हणते. आणि साहेब, तिला खोकी दिसली.

बाबा: पलंगावरची काढून ठेवलीत बाल्कनीत. उद्या भंगारवाल्याला देतो. मिक्सरचं तेवढं ठेवू का, सांग.

लेक: तेही द्या.

काकू: तेही द्या म्हणते.

बाबा: बरं. हे खरं बरं आहे, तिला सांगा.

काकू: तुमचं तिला ऐकू जातं, साहेब. तुम्हाला तिचं जात नाही.

बाबा: हो, हो. विसरलो.

लेक: काकू, यापुढचं नका लिहू.

काकू: साहेब, यापुढचं लिहू नका म्हणते. पेन्सिल खाली ठेवली मी. मशीनही काढून ठेवते कानातलं. फोनचा दिवा गेला की परत लावीन.

बाबा: अहो, पण मग मला कसं कळणार? स्टेनोबाई? काय बोलतेय ती आता? बोलतेय ना?

काकू: मला आता काही ऐकू येत नाही, साहेब.

बाबा: बोल, बाळ. मी घड्याळाकडे बघत नाहीये.